‘शे’ आणि ‘छे’

गेल्या महिन्यात भेस्तानच्या बाजारात मला ‘कोळुं’ हा शब्द सापडेना. पन्नास वर्षं झाली असतील मला सुरतेत लाल भोपळा विकत घेऊन, आणि भाजीवालीसमोर बोट दाखवून मी उभी. तोंडात नुसतं ‘गंगाफळ, गंगाफळ’ येत होतं. ती बिचारी म्हणाली, “मासी, शुं जोईए?” मला काय जोईए ते मला चांगलं ठाऊक होतं. भोपळा समोर होता, त्याची भाजी करायची होती, कानबाईच्या सणाचे दिवस जवळ आले होते. शब्दच तेवढा नव्हता. शेवटी मी भोपळ्यावर टकटक वाजवून दाखवलं आणि दोघीही हसलो. घरी येईपर्यंत हसू जिरलं. रिक्षात बसल्या बसल्या मला फुईची आठवण झाली, आणि ती झाली की माझी मान आपोआप खाली जाते. हे प्रकरण लिहायचं मी कितीतरी दिवस टाळत होते. आता टाळण्यात अर्थ नाही. माझंच कोळुं हरवायला लागलंय, उद्या आणखी काय हरवेल कोण जाणे.

फुई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. फुईला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला. अमळनेरकडच्या गावात दिराच्या घरी तिची खाट गोठ्याच्या ओट्यावर असायची आणि सणावाराला तिने पुढे यायचं नाही असा तिथला कायदा. आप्पा आधी बारडोलीकडे ऊसतोडीला आले, मग सुरतेत लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, लागले, आणि हाताशी खोली आल्याबरोबर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल तर बहिणीला घेऊन आले. ही खोली उधन्याला, लूमच्या शेडला पाठ लावून. भिंतीला कान लावायची गरजच नव्हती, भांड्यांच्या फळीवरचे पेले दिवसभर बारीक बारीक थरथरत असायचे. आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे, त्यात राग नसायचा. लूम बंद पडले की आम्ही सगळे एकदम दचकून एकमेकांकडे बघायचो, आणि मग हळू बोलायची लाज वाटायची. माय जवळच्या कारखान्यात साड्यांच्या घड्या घालायला जायची. म्हणजे आम्हा तिघांना, मला आणि माझ्या दोन धाकट्या भावांना, वाढवलं ते फुईनेच. माझी वेणी, माझा डबा, माझा ताप, सगळं तिच्याकडे.

घरात आम्ही अहिराणी बोलायचो आणि बाहेर गुजराती. फुई आली तेव्हा तिला गुजरातीचा गंध नव्हता. पण बाई जिद्दीची. वर्षभरात ती भाजीवाल्याशी अशी काही भांडायची की तो वर दोन मिरच्या जास्त टाकून हात जोडायचा. मी पहिलीत असताना तिनेच मला युक्ती शिकवली. म्हणाली, “काई अवघड नही वं. आपला ‘शे’नी जागावर त्यास्ना ‘छे’ लाव. अर्ध काम भागी जास.” आपल्याकडे ‘घर शे’, त्यांच्याकडे ‘घर छे’. एका अक्षराचा तर फरक. मी त्या एका अक्षरावर पुढची दहा वर्षं काढली, आणि अशी काढली की मोठ्या शाळेत कुणाला पत्ता लागला नाही की ही पोर खानदेशी आहे. चौथीपर्यंत मराठी शाळा, मग गुजराती. हजेरीत ‘पाटील’ म्हणायचे ते वर्गाला ‘पटेल’ ऐकू यायचं. मी कधी दुरुस्त केलं नाही. कुणी विचारलंच तर ‘अमे बारडोली बाजुना’ असं सांगून मोकळी व्हायचे. आप्पा तिथे ऊस तोडत होते, तेव्हा तसं पाहिलं तर खोटं नव्हतंच. खोटं बोलायची माझी हीच पद्धत होती, खऱ्याचा एक तुकडा त्यात टाकायचा.

आठवीत माझी मैत्रीण झाली दीप्ती. डॉक्टरांची मुलगी, खाली त्यांचा दवाखाना आणि वर घर. तिच्या डब्यात थेपले आणि कैरीचा गोड छुंदो असायचा. माझ्या डब्यात कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची, काळपट, जाड. सोबत मिरचीचा ठेचा आणि बुक्कीने फोडलेला कांदा. आज ही भाकरी मोठ्या हॉटेलांत ताटात वाढतात आणि माणसं तिचे फोटो काढतात. तेव्हा मी ती शाळेच्या वाटेवर, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून, घाईघाईने गिळून टाकायचे आणि वर्गात ‘मला भूक नाही’ म्हणायचे. फुईच्या लक्षात आलं. तिने एका शब्दाने विचारलं नाही. शेजारच्या काशीबेनकडे जाऊन थेपले शिकून आली. पहिले दोन दिवस चामड्यासारखे झाले, मग छान जमले. आता मी थेपले लाटते तेव्हा काशीबेनच्या नाही, फुईच्याच हाताने लाटते.

आणि मी काय केलं? दहावीच्या वर्षी श्रावणात कानबाईची मिरवणूक निघाली होती. आमच्या लोकांची ही देवी म्हणजे सजवलेला नारळ. रविवारी बसवायची आणि सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन, वाजतगाजत, नाचत नदीवर न्यायची. मी त्या वेळी दीप्तीबरोबर शाळेच्या फाटकात होते. बायका नाचत होत्या, दीप्ती आणि दोघीतिघी हसत होत्या, आणि मीही हसले. पुढे फुई होती, नऊवारी खोचलेली, डोक्यावर कानबाई. मी फाटकाच्या खांबामागे सरकले. तिने पाहिलं की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही.

त्यानंतरच्या वर्षी, मी अकरावीला असताना, फुईचं काहीतरी बदलायला लागलं. आधी थेपले गेले. पीठ मळायला बसली की हातून भाकरीच थापली जायची, आणि मग ती आपल्याच हातांकडे बघत बसायची. मग गुजराती गेली. बाजारात गेली आणि रिकामी पिशवी घेऊन परत आली. म्हणाली, “शब्दच उना नही.” भाजीवाल्याला वाटलं, म्हातारी रुसली. मायने गंमत केली, “बरं झालं वन्सं, आता तरी भांडणं बंद.” पण एकदा रॉकेलचा स्टोव्ह पेटता ठेवून ती नळावर गेली, आणि वरचं भांडं जळून कोळसा झालं. धाकटा भाऊ खोलीत झोपलेला होता. त्या दिवशी माय हसली नाही.

आता मला वाटतं, मनाचं आपलं घरासारखंच असतं, शेवटी आलेलं सामान दाराशी असतं आणि तेच आधी बाहेर जातं. डॉक्टर लोकांकडे याला मोठं नाव असेल. मला एवढंच कळतं की आतल्या खोलीतलं शाबूत असतं, बराच काळ. फुईला गावातल्या सगळ्या सोयरिकी पाठ होत्या, कोणत्या साली विहिरीला पाणी कुठवर होतं ते ठाऊक होतं. पण सोळा वर्षांच्या पोरीला आतली खोली कुठे दिसते. तिला दाराशीच सगळं दिसतं.

आप्पांनी ठरवलं, डॉक्टरांना दाखवायचं. माय म्हणाली की साधा विसराळूपणा असेल तर औषध चालू करू, मी स्टोव्ह वर फळीवर ठेवत जाईन. पण डोकंच गेलं असेल तर दिवसभर पोरांना तिच्यावर टाकून कामाला कसं जायचं? मग गावी दिराकडे पोचवावं लागेल. हे बोलणं नेहमीप्रमाणे ओरडूनच झालं, कारण लूम चालू होते. फुई चूल सारवत होती. तिने मान वर केली नाही. पण संध्याकाळी माझी वेणी घालताना, केस घट्ट ओढून धरत म्हणाली, “तुना बापले सांग, माले गावले धाडू नका. मी आठेच बरी शे.” मी ‘हो’ म्हटलं. आप्पांची गुजराती कामापुरती, मायची त्याहून कमी. तेव्हा डॉक्टरांकडे फुईचं बोलणं समजावून सांगायला मीच जायचं ठरलं. घरातली सगळ्यात शिकलेली मी होते.

आणि डॉक्टर म्हणजे कोण, तर दीप्तीचे वडील. जवळचा तोच दवाखाना. मी दुसरीकडे जाऊ म्हणून रडले, पण कारण सांगता येईना. वाटभर मी देवाला एकच मागत होते, दीप्ती नसू दे. दीप्ती होती. शाळेतून आली की ती दवाखान्याच्या कोपऱ्यात टेबलाशी बसून अभ्यास करायची. मला पाहून ती हसली, मग फुईकडे पाहिलं, फुईच्या नऊवारीकडे, कपाळावरच्या आडव्या कुंकवाच्या जागी गोंदलेल्या हिरव्या ठिपक्यांकडे. आप्पा बाहेर रस्त्याकडच्या बाकावर बसले. लूमवरचा माणूस, अंगभर कापसाचे तंतू, आत यायला संकोचला.

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी फुईला पंख्याखाली बसवलं आणि मला म्हणाले, “हुं पूछुं, तुं एमने समजाव.” मग विचारलं, कोणता महिना चालू आहे? मी अहिराणीत पुटपुटले, अगदी ओठातल्या ओठात, दीप्तीला ऐकू जाऊ नये म्हणून. फुई मात्र आमच्या घरच्या सवयीने मोठ्याने म्हणाली, “आखाड सरना. कानबाई दहा दिनवर उनी.” उत्तर अगदी बरोबर होतं, दिवसांसकट. पण ते गुजरातीत सांगायचं तर कानबाई काय ते सांगावं लागणार. तो नारळ, ती मिरवणूक, ते फाटकाजवळचं हसणं. दीप्तीने वहीतून मान वर काढली होती. मी म्हणाले, “एमने खबर नथी, साहेब.”

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग विचारलं, सकाळी काय खाल्लं? फुई खुशीत आली, जेवणाचा विषय तिचा आवडता. “कयनानी भाकर. मिरचीना ठेचा. कांदा फोडेल व्हता.” ही ती भाकरी, जी मी पायरीवर बसून लपून गिळायचे. मी खाली फरशीकडे बघत म्हटलं, “याद नथी, एम कहे छे.” किती सहज जमलं मला ते. आवाजही कापला नाही. शुद्ध गुजरातीत, ‘छे’सकट.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवून थेट तिलाच विचारलं, “आ छोकरी कोण छे?” याला काही माझी गरज नव्हती, कुणालाही बोटावरून कळलं असतं. फुईने माझ्याकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या दीप्तीकडे पाहिलं. मग परत माझ्याकडे. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं, आमच्या घरी ते कधी ऐकू आलं नसतं. डॉक्टरांनी पुन्हा एकदा हळूच विचारलं, आणि तिने पदर डोक्यावर पुढे ओढून मान फिरवली. त्यांनी आप्पांना आत बोलावलं. मला अजून आठवतं, ते किती मायेने बोलत होते. घरच्या माणसाला ओळखत नाहीत, एकटं ठेवू नका, आगीपासून जपा. आप्पा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मला त्या क्षणी काय वाटत होतं ते लिहायचं ठरवलंय, म्हणून लिहिते. मला हायसं वाटत होतं. तिने ‘भाची’ म्हटलं नव्हतं.

कानबाईला अजून दहा दिवस होते. दहा दिवसांत मी आप्पांना एकदा, एका वाक्यात सांगू शकले असते. रोज सकाळी ठरवायचे, सांगायचं. आणि मग डोळ्यांसमोर यायचं की आप्पा माझा हात धरून परत दवाखान्यात नेतील, आणि दीप्तीसमोर मला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. लोक म्हणतात पोरवयात चूक होते. चूक त्या दवाखान्यातली होती. पुढचे दहा दिवस ही काही चूक नव्हती.

कानबाईचे रोट म्हणजे पुरणाच्या पोळ्या, पण त्यांचं धान्य मोजायची रीत वेगळी. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ घ्यायची. आमच्याकडे आप्पा आणि दोन भाऊ, तीन नावं. ही मूठ दरवर्षी फुईची. त्या वर्षी मायने सूप स्वतःकडे ओढून घेतलं. म्हणाली, “राहू द्या वन्सं, चुकायला नको.” फुई भिंतीशी सरकून बसली. मायने मुठी टाकल्या, आणि धाकट्याच्या नावाची पाव मूठ विसरली. फुईच्या ते ध्यानात आलं. तिने नुसतं बोटाने सुपाकडे दाखवलं. माय चमकली, पाव मूठ टाकली आणि सूप घेऊन बाहेर गेली. दळायला उशीर होत होता.

खोलीत आम्ही दोघीच उरलो. पलीकडे लूम चालू होते, पण फुई त्या दिवशी ओरडून बोलली नाही. माझ्या जवळ सरकली आणि कानाशी म्हणाली, “डाक्टर काय इचारे, माले बठं समजे. तू काय सांगं, तेबी समजनं. बोलता येत नही माले आते, इतलंच.” म्हणजे डॉक्टरांचं तिला सगळं कळत होतं, आणि माझंही. मी विचारलं, मग मी कोण ते का नाही सांगितलंस? ते तरी सांगायचं. फुई माझ्या वेणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. म्हणाली, “ती पोर बठेल व्हती ना तठे. तुले लाज वाटी राह्यनी व्हती. म्हनीसन नही सांगं.”

बास, एवढंच. ओरडली नाही, रडली नाही, आप्पांना सांगेन असंही म्हणाली नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले असते तर आज हे लिहिताना थोडं सोपं गेलं असतं. मी उठून पाणी भरायला गेले.

कानबाई नदीवर गेली, आणि दोन दिवसांनी दिराचा मुलगा फुईला न्यायला आला. मायने शिदोरी बांधली. पोराने रोटांच्या डब्याकडे हात केला तर फुईनेच अडवलं. “रोट घरनं भायेर जात नही.” खरीच रीत आहे ती, रोट घरच्यांनीच संपवायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. ही रीत तिनेच आम्हाला शिकवली होती. मायने मग कळण्याच्या भाकरी बांधून दिल्या. फुईने त्या छातीशी धरल्या आणि दुपारच्या गाडीला गेली. मला शाळा होती. म्हणजे, मी शाळेत गेले.

त्या हिवाळ्यातच ती गेली. आप्पा तेराव्याला जाऊन आले. तिची खाट परत गोठ्याच्या ओट्यावरच होती म्हणाले. पाण्याचा पेला त्यांच्या पुढ्यात तसाच थरथरत होता. मग म्हणाले, “शेवटपर्यंत शुद्धीत होती म्हणे. सगळ्यांना नावानिशी ओळखायची, माझ्या पोरांची नावं घ्यायची. मग डॉक्टरचं कसं काय चुकलं?” मी समोरच बसले होते, वही घेऊन. आप्पा त्यानंतर बरीच वर्षं जगले. हा प्रश्न त्यांनी मला आणखी एकदोनदा विचारला, कारण घरातली सगळ्यात शिकलेली मी होते.

कोळुं हरवलं त्याच्या पुढच्या आठवड्यात सूनबाईने हट्टाने माझी तपासणी ठरवली. दुधाचं पातेलंही एकदा करपवलं होतं मी. सून नोकरीवर, म्हणून बरोबर नात आली, हीर. ती गुजराती बोलते, हिंदी बोलते, मराठी समजते, अहिराणी तिने कधी ऐकलेलीच नाही. मीच ऐकू दिली नाही, मुलालाही नाही आणि तिलाही नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, “दादी, सवारे शुं खाधुं?” खाल्ला होता खाखरा, चहाबरोबर. मला माहीत होतं. मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, “कयनानी भाकर.” मग पुढचंही आलं, ठेचा, कांदा, सगळं.

डॉक्टरीणबाईंनी हीरकडे पाहिलं. सोळाच वर्षांची आहे ती. बाहेर तिची मैत्रीण स्कूटीवर थांबलेली, काचेतून आत बघत होती. हीरने माझा हात धरला आणि म्हणाली, “दादी शुं बोल्यां ए मने न समजायुं. फरी पूछो ने, मेडम.” काय म्हणाली ते मला कळलं नाही, पुन्हा विचारा. एवढं एकच वाक्य. मलाही तेव्हा येत होतं ते.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि हळूच, एकेक शब्द सुटा करून, परत विचारलं. मी पदर डोक्यावर ओढून घेतला. मला सगळं समजत होतं.